कार्ड फाइलवर, काका स्कूटरवर

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे 'अमेरिकेतील आरोग्यव्यवस्था : एक चिंतन' असा लेख मागितला. टेक्ससमधल्या प्लेनोतल्या एका दवाखान्याच्या काउंटरवर मी चौदा वर्षं बसले, तेव्हा एवढ्या काळात माझ्याकडे बरंच चिंतन साठलं असेल असा त्यांचा अंदाज. साठली ती लोकांनी विसरलेली बॉलपेनं. काउंटरवर चिंतनाला वेळ मिळत नाही, समोरचा माणूस शिंकत असतो. म्हणून मी एका नियमाबद्दल आणि एका गुलाबी स्कूटरबद्दल लिहिते आहे. लेख नको असेल तर संपादकांनी तो खुशाल परत पाठवावा. त्यांच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मला अजून पाठ आहेत.

नियम असा होता, की प्रत्येक पेशंटनं आपलं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड आमच्याकडे 'फाइलवर' ठेवायचं. म्हणजे कार्ड आम्ही काढून घ्यायचो असं नाही. एकदा ते मशीनला लावलं, की त्याची नोंद कुठल्याशा कंपनीच्या तिजोरीत जायची आणि आम्हाला पडद्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसायचे. पुढे जे काही पैसे निघतील ते आपोआप त्यातून जायचे. पेशंटनं काही करायचं नाही, फक्त फोनवर आलेला मेसेज बघून दचकायचं. काही वर्षांनी माझी अशी अवस्था झाली, की किराणा दुकानात माणूस समोर आला तर नाव आठवायचं नाही, पण चव्वेचाळीस एकाहत्तर भेंडी निवडताहेत हे लगेच कळायचं.

हा नियम का करावा लागला ते बाहेरच्यांना सांगायला हवं. इथे डॉक्टरकडे जाणं म्हणजे अशा हॉटेलात जाणं, जिथे इडलीची किंमत वेटरला माहीत नसते, मालकाला नसते आणि आचाऱ्याला तर नसतेच. तुम्ही इडली खाऊन घरी जाता. दीड महिन्यानं दुसऱ्याच गावच्या तिसऱ्याच माणसाचं पत्र येतं, की इडली आवश्यक होती, पण चटणीबद्दल आमची खात्री पटलेली नाही, सबब चटणीचे पैसे तुम्ही द्या. तोवर खाणारा घर बदलून गेलेला असतो. त्या तिसऱ्या माणसाला विमा कंपनी म्हणतात, आणि चटणीसाठी कार्ड फाइलवर ठेवतात.

नियम लागू झाला त्या दिवशी आमच्या ऑफिस मॅनेजर डेबीबाईंनी क्रेडिट कार्डाच्या आकाराचा केक आणला होता. भिंतीवर फ्रेम करून पोस्टर लावलं : 'तुमच्या मनःशांतीसाठी'. डेबीबाईंनी भाषण केलं, त्यात 'प्रवास' हा शब्द पाच वेळा आला. अमेरिकेत येण्याआधी मी नाशिकला कॉलेजच्या ग्रंथालयात होते. तिथेही पुस्तक नेणाऱ्याचं कार्ड आम्ही ठेवून घ्यायचो आणि पुस्तक आलं की परत करायचो. त्यासाठी केक कापल्याचं मला आठवत नाही.

आपल्या लोकांनी नियमाचं स्वागत आपापल्या स्वभावाप्रमाणे केलं. एक गृहस्थ सायबर सुरक्षेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी काउंटरला टेकून मला दहा मिनिटं समजावून सांगितलं, की कार्डाची माहिती कुणाच्याही हाती देणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. मी म्हटलं, पटलं, पण कार्ड द्या. खिसे चाचपले तर पाकीट घरी. त्यांनी बायकोला फोन लावला, तोही स्पीकरवर, आणि तिनं सोळा आकडे, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे इंग्रजीतून, खणखणीत आवाजात वाचून दाखवले. यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकदा. वेटिंग रूममध्ये अकरा माणसं होती. कोपऱ्यातल्या टेक्सन आजीबाई मला हळूच म्हणाल्या, "शेवटचे दोन सोडून मला सगळे मिळाले."

दुसरी गंमत अशी, जी फक्त आपलेच लोक करू जाणतात. दोन मित्र. एकाला ताप, दुसऱ्यानं गाडीतून आणलेलं. पैसे द्यायची वेळ आली तशी "मी देतो", "अरे छोड ना यार, मी देतो" अशी हॉटेलात होते तीच झटापट सुरू झाली. दुसऱ्यानं पहिल्याचा हात मागे धरून स्वतःचं कार्ड मशीनला लावलं. 'हे कार्ड जपून ठेवू का?' असं मशीननं विचारलं, विजयाच्या भरात त्यानं 'हो' दाबलं. पुढे आठ महिने पहिल्याच्या रक्ततपासण्या, लसी, पाठदुखी, सगळं दुसऱ्याच्या कार्डावर. दुसऱ्याला मेसेज येत होते, पण एवढ्यातेवढ्यावरून मित्राला कसं बोलायचं? पहिला सगळ्यांना सांगत होता, की माझा इन्शुरन्स जबरदस्त आहे, एक पैसा लागत नाही. शेवटी मीच दोघांना एका दिवशी बोलावलं. सगळा उलगडा झाल्यावर दोघं माझ्यासमोर पुन्हा भांडले. विषय होता, आजचे कोण देणार.

हसण्यासारख्या गोष्टींत एक हसण्यासारखी नाही, तीही लिहिते. एक विद्यार्थिनी आली होती, मराठीच, अंगात ताप, आवाज बसलेला. कार्ड म्हटल्यावर तिनं पोस्टर वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मी तिला नियम सांगितला. मराठीत सांगता आला असता, पण मी इंग्रजीत सांगितला. नियम इंग्रजीत सांगितला की तो आपला राहत नाही. "गाडीतून कार्ड आणते," असं म्हणून ती बाहेर गेली. माझ्या काउंटरशेजारी मोठी खिडकी आहे. तिच्यातून मला दिसलं, की तिच्याकडे गाडी नव्हतीच. स्वेटर गळ्याशी घट्ट धरून ती फुटपाथनं चालत निघून गेली. मी उठून हाक मारू शकले असते. माझ्या हातात कुणाचं तरी कार्ड होतं.

दातार काका आले तेव्हा ती माझ्या डोक्यात होती, हे पुढच्या घोटाळ्याचं एक कारण.

दातार काका सांगलीचे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण खात्यातून निवृत्त. मुलाकडे, निखिलकडे, सहा महिन्यांसाठी आलेले. मे महिन्यातल्या एका सकाळी ते उजवं मनगट डाव्या हातात धरून काउंटरसमोर उभे राहिले. मागे त्यांचे फिरायला जायचे सोबती वानखेडे काका, नागपूरचे. वानखेडे काकांच्या हातात मुलं चालवतात तसली स्कूटर होती. एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्यानं ढकलायची, बिनइंजिनाची. रंग गुलाबी. मुठींना चंदेरी झिरमिळ्या आणि पुढच्या दांडीवर चिकटवलेल्या चकचकीत अक्षरांत निखिलच्या मुलीचं नाव.

"कसं लागलं, काका?" मी विचारलं.

"पडलो."

"कुठे?"

"खाली."

वानखेडे काकांना अर्धवट माहिती सहन होत नाही. "अवो, स्कूटरवरून पडले न! मी म्हटलं, उतार आहे, ब्रेक दाबा. तर म्हणतात, ब्रेक कायले, आता तर मजा येऊन राहिली."

"अहो वानखेडे, तुम्हाला कुणी विचारलं?"

मी फाइल उघडली. निखिलनं वडिलांचं नाव नोंदवलेलं होतं आणि कार्ड स्वतःचं ठेवलं होतं. तपासणीचे पैसे आत जायच्या आधीच कापायचे, असा नियम.

"त्याला कळेल?" दातार काकांनी विचारलं.

"फोनवर मेसेज जातो."

"कधी?"

"माझा हात उचलायच्या आत."

दातार काका खुर्चीवर बसले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते एवढं. मार्चमध्ये ते एकदा फिरायला गेले आणि परतताना चुकले. त्यांच्या वसाहतीत सगळी घरं सारखी, झुडपंसुद्धा सारखी. त्यांनी परक्याच्याच दाराशी उभं राहून आपल्या घराच्या कुलपाचे आकडे पाच-सहा वेळा दाबले. पोलीस आले, अतिशय नम्रपणे वागले, घरी सोडून गेले. निखिलनं तेव्हा जाहीर केलं, की पुन्हा असं काही झालं तर एकट्यानं घराबाहेर पडणं बंद. दारावर कॅमेरा बसवला. दार उघडलं की निखिलच्या फोनवर टिंग.

"ताई, तीस वर्षं मी मोटरसायकलवर गावोगावच्या शाळा तपासल्या," दातार काका म्हणाले. "ओढ्याला पाणी असताना गेलोय. इथे मला दीड मैलावर डोनट खायला जायचं म्हटलं तर सून म्हणते, बाबा, शनिवारी आपण सगळे जाऊ. अजून चार महिने काढायचेत. चार महिने मी सोफ्यावर बसून शनिवारची वाट बघू?"

कॅमेरा फक्त पुढच्या दाराकडे बघतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. नात शाळेत गेली, की तिची स्कूटर घ्यायची आणि मागच्या अंगणाच्या फाटकातून निघायचं. ज्यानं जन्मभर शाळांवर न सांगता छापे घातले, त्याला न सांगता निघणं काय अवघड? आमच्या दवाखान्याला लागूनच डोनटचं दुकान आहे. महिनाभर रोज सव्वादहाला मी त्यांना खिडकीतून बघत होते. पायजम्याच्या खाली पांढरे बूट, झिरमिळ्या वाऱ्यावर उडताहेत आणि चेहरा अचानक तपासणीला निघालेल्या अधिकाऱ्याचा.

त्यांनी आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि विसाच्या नोटा काउंटरवर ठेवल्या.

"आम्ही रोख घेत नाही, काका."

"डॉलर आहेत हो. खरे आहेत."

"गल्लाच नाही इथे."

त्यांनी भारतातलं कार्ड काढलं. ते परदेशात चालू करायला ओटीपी हवा होता आणि ओटीपी येणार होता सांगलीच्या नंबरावर. तो फोन सांगलीत, कपाटात.

"माझं घ्या न कार्ड!" वानखेडे काकांनी पाकीट उघडलं.

"छे छे, तुम्ही कशाला?"

"घ्या हो ताई, यांचं ऐकू नका. मनगट सुजून राहिलं अन् हे शिष्टाचार करून राहिले."

कुणी स्वखुशीनं दुसऱ्यासाठी कार्ड दिलं आणि सही केली तर ते नियमात बसत होतं. मी फुटपाथनं जाणारी ती मुलगी आठवून घाईघाईनं कार्ड मशीनला लावलं. दातार काका आत गेले. मला स्वतःचा अभिमान वाटला. एक गोष्ट विचारायची मात्र मला सुचली नाही, की वानखेडे काकांच्या कार्डाचे मेसेज कुणाला जातात. ते कार्ड त्यांना त्यांच्या मुलीनं, रश्मीनं, काढून दिलेलं होतं.

चार मिनिटांत माझ्या ड्रॉवरमधला फोन थरथरायला लागला. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. रश्मीनं लिहिलं होतं : 'बाबांच्या कार्डवर क्लिनिकचा चार्ज आलाय! बाबा फोन उचलत नाहीयेत! मी मीटिंगमध्ये अडकलेय, त्या बाजूला कुणी आहे का?' पाठोपाठ बावीस जणांनी हात जोडले. एकानं छातीत दुखत असल्यास जोरजोरात खोकावं असा सल्ला पाठवला. एकीनं 'मऊ खिचडी लावते' असं कळवलं. वानखेडे काका माझ्यासमोर बसून मासिकातली घोड्यांची चित्रं बघत होते. बॅटरी वाचावी म्हणून ते फोन बंद ठेवतात.

मी त्यांना फोन चालू करायला सांगणार, एवढ्यात दार उघडलं आणि निखिल आत आला. त्याचं ऑफिस आमच्यापासून पाच मिनिटांवर. तो आपल्या वडिलांसाठी आला नव्हता, वडील कॅमेऱ्याच्या हिशेबानं घरीच होते. तो शेजारधर्म म्हणून वानखेडे काकांसाठी धावत आला होता.

"मावशी, वानखेडे काका कसे आहेत?"

इथे पेशंटच्या गोपनीयतेचा कायदा कडक आहे. अमुक माणूस दवाखान्यात आहे की नाही, हेसुद्धा आम्हाला सांगता येत नाही. मी चौदा वर्षांत पाठ केलेलं वाक्य म्हटलं : "इथे कोण आहे आणि कोण नाही, हे मी सांगू शकत नाही."

"अहो मावशी, ते काय, समोर बसलेत!"

"मी काही पाहिलेलं नाही."

वानखेडे काकांनी मासिक खाली केलं. "अरे निखिल! मी तर ठणठणीत आहे न. मले काय झालं?"

"मग क्लिनिकमध्ये काय करताय? आत कोण आहे?"

वानखेडे काकांना खोटं बोलता येत नाही. ते छताकडे बघायला लागले. छतातल्या दिव्यांबद्दल ते काहीतरी बोलले देखील. मी तोंडाला कुलूप घालून बसले होते, पण कायदा फक्त माणसांना आणि कागदांना लागू आहे. स्कूटरबद्दल त्यात एक अक्षर नाही. ती वानखेडे काकांच्या खुर्चीमागे, भिंतीला टेकून, झिरमिळ्या सोडून उभी होती. निखिलनं आधी रंग पाहिला, मग नाव वाचलं.

"ही आमची स्कूटर आहे," तो अगदी हळू म्हणाला.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. दातार काका मनगटाला पट्टा बांधून बाहेर आले, मागे डॉक्टर. बाप-लेक एकमेकांकडे बघत राहिले. वेटिंग रूममधल्या लोकांना मराठीचा गंध नव्हता, तरी सगळ्यांनी फोन खाली ठेवले.

"बाबा, ठरलं होतं आपलं."

"तू ठरवलं होतंस. मी ऐकलं होतं."

"हाड मोडलं असतं म्हणजे? या वयात?"

मोडलेलं नव्हतं, नुसती मुरगळ होती. डॉक्टरांनी काकांची परवानगी घेऊन निखिलला तसं सांगितलं आणि वर कौतुकानं म्हणाल्या, की वडिलांचे गुडघे आणि तोल वयाच्या मानानं फार चांगले आहेत, काय व्यायाम करतात? दातार काकांनी स्कूटरकडे बघण्याचं टाळलं.

"उद्यापासून घरी," निखिल म्हणाला. "सॉरी बाबा. मला रोज ऑफिसात ही धाकधूक नाही जमत."

दातार काकांनी माझ्याकडे पाहिलं. पोस्टर वाचून त्या मुलीनं पाहिलं होतं, तसंच. या वेळी माझे हात रिकामे होते.

"निखिल," मी मराठीत म्हटलं, "पेशंटबद्दल मला बोलता येत नाही. पण कायदा काउंटरपुरता आहे. खिडकीतून दिसणाऱ्या माणसाबद्दल मी बोलू शकते."

"कोण माणूस?"

"रोज सव्वादहाला एक गृहस्थ इथून स्कूटरवरून जातात. प्रत्येक वळणावर उतरतात, दोन्हीकडे बघतात, मग निघतात. गाडीवाल्यांना हात करून पुढे जाऊ देतात. महिनाभर बघतेय. या रस्त्यावर इतकं नीट कुणी चालवत नाही, तू धरून."

"तू धरून" हे निखिलला लागलं. त्याच्या कार्डातून मागे मानेच्या एक्स-रेचे पैसे गेले होते, ते कशामुळे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बराच वेळ गेला. दरम्यान खिचडी आली. आजारी कुणीच नाही म्हटल्यावर आणणाऱ्या बाईंचा जरा हिरमोड झाला, पण वानखेडे काकांनी ती खाल्ली आणि रश्मीला फोन करून "मी जिवंत आहे, वरून तूप पाहिजे होतं" असं कळवलं. खिचडी संपेपर्यंत बाप-लेकांचा तह झाला. दातार काकांनी पुढच्या दारानं, कॅमेऱ्यासमोरून जायचं. निखिलनं त्यांना त्यांच्या नावाचं कार्ड काढून द्यायचं. बाहेर पडल्यावर कुठेतरी ते वापरायचं, म्हणजे मेसेज येईल आणि वडील कुठे आहेत ते निखिलला कळेल.

"स्कूटर नाही," निखिल म्हणाला. "चालत."

"ही स्कूटर नाही," दातार काका म्हणाले. "कबूल."

त्यांनी 'ही'वर दिलेला जोर माझ्या लक्षात आला. निखिलच्या आला नाही. तो मॅनेजमेंटमध्ये आहे.

पुढचे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. रोज साडेदहाला डोनटच्या दुकानातून एक डॉलर काही सेंटचा मेसेज जायचा आणि निखिल निवांत व्हायचा. डेबीबाईंच्या पोस्टरवरची मनःशांती मी प्रत्यक्षात पाहिली ती या एकाच घरात, आणि तीसुद्धा आमच्या दवाखान्यामुळे नाही. मनगटाचा पट्टा निघाला. तपासणीला आले तेव्हा काकांनी दिमाखात आपलं कार्ड माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "ताई, मुलाचं काढा, माझं फाइलवर घ्या." इतक्या आनंदानं कार्ड देणारा पेशंट मी चौदा वर्षांत दुसरा पाहिला नाही.

मग एका सकाळी साडेदहा वाजून गेले आणि माझ्या काउंटरवरचा फोन वाजला. निखिल होता.

"मावशी, आज डोनटचा मेसेज आला नाही. त्याऐवजी स्पोर्ट्सच्या दुकानाचा आलाय. रक्कम मोठी आहे. बाबा तुमच्याकडे आले होते का? तुम्हाला काही दिसलं?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. फुटपाथवरून दातार काका येत होते. डोक्याला हेल्मेट, दोन्ही मनगटांना गाद्या, पायाखाली काळीभोर, रुंद चाकांची, मोठ्या माणसांसाठी असते तशी कोरी स्कूटर. मागून वानखेडे काका एका हातात रिकामं खोकं घेऊन धावत होते आणि "हळू न! माझी पाळी कवा?" असं ओरडत होते. वळणावर दातार काका उतरले, दोन्हीकडे पाहिलं, एका गाडीला हात करून पुढे जाऊ दिलं. मग खिडकीकडे वळून त्यांनी मला नमस्कार केला आणि उतारावर पाय उचलला. ब्रेक दाबला नाही.

"मावशी? ऐकताय ना?"

कायदा काउंटरपुरता असतो, असं मीच या मुलाला सांगितलं होतं. त्या दिवशी मी तो फुटपाथपर्यंत वाढवला.

"इथे कोण आहे आणि कोण नाही," मी म्हटलं, "हे मी सांगू शकत नाही."